पन्नास जागांचा महाराष्ट्र : एका निकालतक्त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी दर शनिवारी संध्याकाळी चालू घडामोडींचा वर्ग घेतो. दिवसभर नोकरी आणि आठवड्यातून एकदा हा वर्ग, असं गेली काही वर्षं चाललंय. मुलं-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. कुणी पारनेरची, कुणी किनवटचा, कुणी उरणचा; मूळ पुण्याचं त्यात क्वचितच कुणी. त्यामुळे निवडणुकीचा विषय निघाला की मला फार सांभाळून बोलावं लागतं. प्रत्येकाला आपला मतदारसंघ तोंडपाठ असतो आणि फळ्यावर काही चुकलं तर मागच्या बाकावरून लगेच आवाज येतो. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. निकालाचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.)

४ जून २०२४ ला, मंगळवारी, लोकसभेची मतमोजणी झाली. सकाळपासून अभ्यासिकेत पुस्तकं उघडी होती, पण डोळे मोबाईलवर. आमच्या दोन मुलांनी एका लांब वहीत ४८ ओळी आखल्या होत्या. जागा लागेल तसं नाव, पक्ष आणि मताधिक्य लिहीत जायचं. रात्री साडेआठच्या सुमारास वही भरली आणि सगळे जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी निवडणूक आयोगाच्या अंतिम निकालावरून पक्षनिहाय तक्ता केला : काँग्रेस १३, भाजप ९, शिवसेना (ठाकरे) ९, राष्ट्रवादी (शरद पवार) ८, शिवसेना (शिंदे) ७, राष्ट्रवादी (अजित पवार) १ आणि सांगलीत अपक्ष १. म्हणजे महाविकास आघाडी ३०, महायुती १७, अपक्ष १. बेरीज ४८. प्रदेशनिहाय तक्ता मुलांनी त्या वहीवरून केला. दोन्ही तक्ते एकाच कागदावर पाठपोट छापले, शुक्रवारी शास्त्री रस्त्यावरून ३०० प्रती झेरॉक्स करून आणल्या आणि शनिवारी वाटल्या. आसपासच्या अभ्यासिकांतल्या मुलांनीही त्या नेल्या.

अडचण

वर्ग सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. पारनेरची मुलगी पेनच्या टोकाने ओळी मोजत होती. ती म्हणाली, "सर, मागच्या पानाची टोटल ५० येतेय."

मी कागद उलटला. विदर्भ १०, मराठवाडा ८, उत्तर महाराष्ट्र ८, पश्चिम महाराष्ट्र १२, मुंबई ६, ठाणे-कोकण ६. खरंच पन्नास. आणि आघाड्यांचे रकाने बघितले तर आघाडी ३३, महायुती १६, अपक्ष १. एकाच कागदाच्या एका बाजूला आघाडीच्या ३० जागा, दुसऱ्या बाजूला ३३.

त्यावर एका मुलाने शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सर, एका बाजूच्या तीन वाढल्या आणि दुसऱ्या बाजूची एक कमी झाली. हे चुकून झालंय का?" तो चिडून बोलला नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. या वर्गात सगळ्या विचारांची मुलं बसतात. आकडा चुकला तर दुरुस्त करता येतो. पण आकडा कुणीतरी मुद्दाम चुकवलाय असं एकदा मनात आलं की पुढच्या प्रत्येक कागदाकडे मुलं त्याच नजरेने बघणार. त्यामुळे चूक नुसती दुरुस्त करून चालणार नव्हतं. ती कुठून आली हेही सगळ्यांसमोर दाखवायला हवं होतं.

शोध

तीनपैकी दोन जागा लगेच सापडल्या. अहमदनगर आणि शिर्डी दोन्हीकडे धरले गेले होते. उत्तर महाराष्ट्राची यादी ज्याने केली त्याने नाशिक विभाग डोळ्यासमोर ठेवला : नंदुरबार, धुळे, जळगाव, रावेर, दिंडोरी, नाशिक, शिर्डी, अहमदनगर. पश्चिम महाराष्ट्राची यादी ज्याने केली तो कोल्हापूरकडचा. त्याच्या दृष्टीने नगर म्हणजे साखरपट्टा, सहकार, प्रवरानगर. ते पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कुठे? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, पण दोघांच्या याद्या एकमेकांशेजारी ठेवून कुणी पाहिल्याच नव्हत्या. नगरला राष्ट्रवादी (शरद पवार) आणि शिर्डीला शिवसेना (ठाकरे), दोन्ही जागा आघाडीच्याच. म्हणून फुगवटा एकाच बाजूला दिसला.

त्या दोन काढल्यावर आघाडी ३१, महायुती १६. एक जागा अजून इकडची तिकडे होती.

सगळ्यांचा पहिला संशय सांगलीवर. तिथे अपक्ष निवडून आला आणि दोनच दिवसांत त्याने काँग्रेसला पाठिंबा दिला. पण सांगली आमच्या तक्त्यात अपक्षच होती. मग वहीची एकेक ओळ आयोगाच्या यादीशी ताडून पाहायला बसलो. बीड पाहिलं, धुळे पाहिलं. मताधिक्य थोडं होतं म्हणून तिथे घोळ असेल असं वाटलं, पण दोन्ही बरोबर निघाले. चूक होती मुंबई वायव्यच्या ओळीत. वहीत ती जागा ठाकरे गटाकडे होती. त्या संध्याकाळी आघाडी-पिछाडीचे आकडे सतत बदलत होते आणि लिहिणाऱ्याने एका क्षणी दिसलेलं शेवटचं मानलं होतं.

ही जागा जरा जवळून बघण्यासारखी आहे. यंत्रांतल्या मतांत ठाकरे गटाच्या उमेदवाराला ४,५१,०९५ आणि शिंदे गटाच्या उमेदवाराला ४,५१,०९४. एका मताचा फरक. टपाली मतांत पहिल्याला १,५०१, दुसऱ्याला १,५५०. शेवटी ४,५२,५९६ विरुद्ध ४,५२,६४४, म्हणजे शिंदे गट ४८ मतांनी विजयी. मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. ज्याने ती ओळ वहीत लिहिली होती तो मुलगा उठला आणि म्हणाला, "मीच लिहिलं होतं, सर." कुणीही त्याला काही बोललं नाही. चूक त्याची एकट्याची नव्हतीच. अंतिम निकालाशी वही ताडून न पाहता मी ती छापायला दिली होती.

समोर असलेले पर्याय

आकडे दुरुस्त करणं सोपं होतं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा होता : प्रदेश कसे पाडायचे? आयोग निकाल देतो तो मतदारसंघाचा, राज्याचा आणि पक्षाचा. "पश्चिम महाराष्ट्र" असा रकाना तिथे नसतो. तो आपण पाडतो.

एक मत असं पडलं की प्रदेशाचा तक्ताच काढून टाकावा. परीक्षेला पक्षनिहाय आकडे पुरेत. मला हे पटलं नाही. या निकालात सगळ्यात बोलकं काही असेल तर ते प्रदेशच आहेत. मराठवाड्यात ८ पैकी ७ जागा आघाडीकडे आणि भाजपकडे एकही नाही. ठाणे-कोकणात ६ पैकी ५ महायुतीकडे. १७ विरुद्ध ३० या एका आकड्यात हे सगळं दडून जातं.

दुसरा पर्याय संविधानाच्या कलम ३७१(२) चा : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. परीक्षेच्या दृष्टीने नेटका, वैधानिक विकास मंडळं याच विभागणीवर उभी राहिली होती. पण मग १०, ८ आणि ३० अशी वाटणी होते, आणि त्या ३० मध्ये पालघरपासून सोलापूरपर्यंत सगळं एकत्र येतं. त्यातून काय समजणार?

तिसरा, वर्तमानपत्रांतले नेहमीचे प्रदेश घ्यायचे आणि नगर-शिर्डी एकाच ठिकाणी ठेवायचे. चौथा, सरकारी महसूल विभाग घ्यायचे : कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर.

चर्चा रंगली ती नगरवरून, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटते. पारनेरच्या मुलीचं म्हणणं, "कांद्याबद्दल बोलायचं असेल तर आम्ही नाशिकबरोबर." डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि ४ मे २०२४ ला, मतदानाचे टप्पे चालू असताना, किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून उठली. दिंडोरी, नाशिक, नगर या जागा त्या चर्चेत एकत्रच घ्याव्या लागतात. कोल्हापूरच्या मुलाचं म्हणणं, "पण कारखाने, जिल्हा बँका, घराणी बघायची असतील तर नगर आमच्याकडे." दोघांचं खरं होतं. विभागणी कोणती, हे तुम्ही कोणता प्रश्न विचारताय त्यावर ठरतं; आम्ही प्रश्न न ठरवता विभागणी छापली होती.

काय केलं

महसूल विभाग हा पाया धरला. कारण एवढंच, की त्याची हद्द कागदावर आहे आणि वाद झाला तर बोट ठेवता येतं. अमरावती आणि नागपूर मिळून विदर्भ; कोकण विभागातून मुंबईच्या ६ जागा वेगळ्या. दुरुस्त तक्ता असा झाला :

विदर्भ (१०) : आघाडी ७, महायुती ३
मराठवाडा (८) : आघाडी ७, महायुती १
नाशिक विभाग (८) : आघाडी ६, महायुती २
पुणे विभाग (१०) : आघाडी ५, महायुती ४, अपक्ष १
मुंबई (६) : आघाडी ४, महायुती २
ठाणे-कोकण (६) : आघाडी १, महायुती ५
एकूण (४८) : आघाडी ३०, महायुती १७, अपक्ष १

खाली टीप दिली : नगर आणि शिर्डी पश्चिम महाराष्ट्रात धरल्यास उत्तर महाराष्ट्र ६ (आघाडी ४, महायुती २) आणि पश्चिम महाराष्ट्र १२ (आघाडी ७, महायुती ४, अपक्ष १). सांगलीच्या रकान्यात "अपक्ष" एवढंच ठेवलं आणि पाठिंब्याची नोंद टिपेत टाकली. तक्ता निकालाचा आहे. मतदारांनी त्या चिन्हावर शिक्का मारला, नंतर कोण कुणाकडे गेलं ही वेगळी बातमी.

हे सगळं ठरतंय तोवर उरणचा मुलगा उभा राहिला. "सर, माझं गाव पुणे विभागात कधी गेलं?"

तो मावळबद्दल बोलत होता. मावळ लोकसभेत मावळ, चिंचवड आणि पिंपरी हे तीन विधानसभा मतदारसंघ पुणे जिल्ह्यातले, तर पनवेल, कर्जत आणि उरण हे तीन रायगडचे. घाटाच्या वर तीन, घाटाखाली तीन. जिकडे जास्त विधानसभा मतदारसंघ तिकडे ती जागा, असा नियम आम्ही तोपर्यंत लावत आलो होतो. हिंगोलीत यवतमाळ जिल्ह्यातलं उमरखेड येतं, धाराशिवमध्ये सोलापूर जिल्ह्यातली बार्शी, रावेरमध्ये बुलढाण्याचं मलकापूर. सगळीकडे तो नियम चालला. मावळमध्ये तीन-तीन झाल्यावर तो अडला. शेवटी मतदारसंघाचा कारभार कुठून चालतो ते पाहिलं. निवडणूक निर्णय अधिकारी पुणे जिल्ह्यातला, मतमोजणी बालेवाडीत. म्हणून मावळ पुणे विभागात. निर्णय कारभारापुरता बरोबर आहे, पण उरणच्या मतदाराला त्यातून काय मिळालं, तर काही नाही. मी त्याला तसं सांगितलं आणि ४८ जागांच्या यादीत मावळच्या ओळीपुढे "पुणे ३, रायगड ३" असं लिहून घेतलं.

त्याच ओघात पुण्याचंही निघालं. "पुण्यात भाजप १ लाख २३ हजार ०३८ मतांनी जिंकला" हे वाक्य पुणे लोकसभेपुरतं खरं : वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट, कसबा. पण खडकवासला बारामतीत जातं आणि हडपसर शिरूरमध्ये. बारामतीची जागा सुप्रिया सुळे यांनी १,५८,३३३ मतांनी राखली, तरी खडकवासल्यात त्या मागे होत्या. आमच्या वर्गातली निम्मी मुलं धायरीत नाहीतर हडपसरला खोली घेऊन राहतात. आपण राहतो ते पुणे, लोकसभेच्या नकाशावर वेगळ्याच मतदारसंघांत मोडतं, हे बहुतेकांना त्या दिवशी कळलं.

मतांच्या टक्केवारीचा रकाना हवा असा मुलांचा आग्रह होता. राज्यात भाजपला साधारण २६ टक्के मतं आणि ९ जागा, काँग्रेसला साधारण १७ टक्के आणि १३ जागा. हे नुसतं छापलं असतं तर काहीतरी काळंबेरं आहे असंच वाटलं असतं. म्हणून शेजारी लढवलेल्या जागा लिहिल्या : भाजप २८, काँग्रेस १७. ज्याने जास्त ठिकाणी उमेदवार दिले त्याची राज्यभरातली टक्केवारी वाढणारच. २०१९ शी तुलना करणारे बाण मात्र आम्ही काढून टाकले. २०१९ ला शिवसेना १८ आणि राष्ट्रवादी ४ होती. तो १८ चा बाण ९ कडे न्यायचा की ७ कडे? पक्ष फुटल्यावर नाव आणि धनुष्यबाण एकाकडे गेले, मतदार दोघांकडे. जिथे बाण दाखवणं म्हणजेच एक राजकीय भूमिका घेणं होतं, तिथे आम्ही तो दाखवला नाही.

देशाच्या पानावर फार काम पडलं नाही. रालोआ (एनडीए) २९३, इंडिया आघाडी २३४, इतर १६, बेरीज ५४३. फक्त सुरत बिनविरोध असल्याने मतांची टक्केवारी ५४२ जागांची आहे, एवढी टीप घातली. भाजप ३०३ वरून २४० वर आला. मतं मात्र ३७.४ वरून ३६.६ टक्के, म्हणजे एक टक्कादेखील घट नाही. हे कोडं राज्यं वेगळी केल्यावर सुटतं. उत्तर प्रदेशात ६२ वरून ३३, महाराष्ट्रात २३ वरून ९, राजस्थानात २४ वरून १४. उलट ओडिशात ८ वरून २०.

परिणाम

१५ जूनला नवा कागद वाटला. वर ठळक अक्षरांत "दुरुस्त प्रत" आणि पहिल्या प्रतीत काय चुकलं होतं ते तीन ओळींत. ज्या मुलाने "चुकून झालंय का" असं विचारलं होतं, त्याने घरी जाऊन सगळ्या ४८ ओळी पुन्हा ताडून पाहिल्या आणि पुढच्या शनिवारी सांगितलं, "जुळतंय, सर." त्याच्या तोंडून ते ऐकणं मला आवश्यक होतं.

पण पहिल्या ३०० प्रतींपैकी आमच्याकडे परत आल्या जेमतेम शंभर. उरलेल्यांचे फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर फिरले. जुलैत एक नवीन मुलगी वर्गात आली तेव्हा तिच्या मोबाईलमध्ये पन्नास जागांचा तोच कागद होता. दुसऱ्या कुठल्या तरी अभ्यासिकेतून तिला मिळाला होता. त्यावर आमचं नाव नव्हतं, तारीख नव्हती, ती चुकीची प्रत आहे हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, एकूणची ओळ सर्वांत आधी लिहायची. आम्ही प्रदेशाच्या तक्त्याला बेरजेची ओळच दिली नव्हती. दिली असती तर ५० हा आकडा टाइप करतानाच बोटं थांबली असती.

दुसरी, मतमोजणीच्या दिवशीची वही ही आठवण म्हणून ठेवायची, आधार म्हणून नाही. ती उत्साहाने भरलेली असते आणि तो उत्साह मला हवाच आहे, पण छपाई अंतिम निकालावरूनच.

तिसरी, पहिल्याच दिवशी घाई करायला नको होती. शुक्रवारी छापायचं कारण फक्त शनिवारचा वर्ग होता. एक आठवडा थांबलो असतो तर कुणाचं काही अडलं नसतं. आणि प्रत्येक कागदावर तारीख हवी. दुरुस्ती झालीच तर कोणती प्रत जुनी हे तरी समजतं.

एका निर्णयाबद्दल मी अजून स्वतःशी भांडतो, तो म्हणजे महसूल विभागांचा. त्याने वाद मिटला, पण कोल्हापूरच्या मुलाचा मुद्दा टिपेत ढकलला गेला आणि टिपा फार थोडे लोक वाचतात. कदाचित दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी, सारख्याच आकाराच्या अक्षरांत द्यायला हवे होते.

२३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल आला तोही नेमका शनिवार होता. मी पोचायच्या आधीच फळ्यावर वरच्या कोपऱ्यात २८८ लिहिलेलं होतं. खाली पारनेरच्या मुलीच्या अक्षरात विदर्भ ६२, मराठवाडा ४६, मुंबई ३६, ठाणे-कोकण ३९, पुणे विभाग ५८, आणि नाशिक विभागापुढे जागा मोकळी.

"सर, नगरच्या १२ कुठे घेऊ?"

"तू सांग."

तिने ४७ लिहिलं, त्यावर चांदणी काढली आणि फळ्याच्या तळाशी टीप लिहायला वाकली. टीपेची अक्षरं तिने तक्त्याएवढीच मोठी काढली.